घरी ठेवलेल्या 'ॲडमिट' पेशंटवर दुरून लक्ष ठेवायला डॉक्टर-सिस्टरना शिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका मध्यम रुग्णालयात मी फिजिशियन आहे. न्यूमोनिया, सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग), हार्ट फेल्युअर अशा निवडक पेशंटना वॉर्डाऐवजी घरीच ठेवून उपचार करायचं आमच्याकडे घाटतंय. म्हणजे आयव्ही (शिरेतून द्यायची) औषधं लागणारे, पण आयसीयूची गरज नसलेले. सिस्टर घरी जाणार, डॉक्टर व्हिडिओवर राउंड घेणार. यंत्रांची कोटेशनं आली, ॲपचा डेमोही झाला. प्रशिक्षण तेवढं माझ्या गळ्यात पडलंय.

अमेरिकेत मेडिकेअरने (तिथली मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) नोव्हेंबर २०२० मध्ये या पद्धतीला परवानगी दिली, तेव्हा रोज दोन प्रत्यक्ष भेटी आणि तातडीच्या वेळी तीस मिनिटांत घरी मदत पोचणं बंधनकारक केलं. संध्याकाळी सातला सिंहगड रोडवर तीस मिनिटं! तेव्हा आमच्या माणसांना पेशंट बिघडतोय हे बरंच आधी कळायला हवं. माझा सगळा प्रश्न तिथे येऊन थांबतो.

आपल्याकडे मार्च २०२०ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण त्यांचा रोख सल्ला देण्यावर आहे. दिवसरात्र जबाबदारी घेतलेला पेशंट सांभाळणं वेगळं. आमचे आरएमओ (निवासी डॉक्टर) हुशार आहेत, पण वॉर्डात शिरताच नुसत्या नजरेने जे टिपतात ते मोबाइलच्या चौकटीत हरवतं. श्वासांचा वेग मोजायला सांगितला तर 'दम लागतोय का?' विचारून मोकळे होतात. ऑक्सिमीटरच्या आकड्यावर तर आंधळा विश्वास. गार बोटं, नेलपॉलिश, सावळी त्वचा यांमुळे आकडा फसवू शकतो हे परीक्षेत लिहितील, व्हिडिओवर मात्र बोट दाखवा म्हणत नाहीत.

न्यूज-२ स्कोअर (श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध वगैरेंना गुण देऊन पेशंट किती बिघडलाय ते सांगणारा तक्ता) वापरायचं ठरलंय: बेरीज ५ झाली की डॉक्टरने लगेच बघायचं, ७ झाली की इमर्जन्सी. तक्ता पाठ करून घेणं सोपं आहे. पण दुरून बघण्याचा सराव कसा द्यायचा? कुणी असं शिकवलंय का? स्लाइड्स नकोत, त्या ढीगभर आहेत.

प्रतिसाद

डॉक्टर, मी नर्सिंग ट्यूटर आहे, मॉक ड्रिल घेते. एका खोलीत कॉटवर 'पेशंट', शेजारी सून झालेली सिस्टर, आणि तुमचा आरएमओ दुसऱ्या खोलीत फोनवर. सुनेने फोन हलवायचा, मध्येच कुकरकडे पळायचं, आणि म्हणायचं, "बाबा आज अगदी शांत आहेत, त्रास नाही काही." त्यावर शिकणारा खूश झाला की ड्रिल थांबवायची. त्या शांतपणामागे नव्याने आलेली गुंगी किंवा गोंधळ असेल, तर न्यूज-२मध्ये एकट्या त्याचेच ३ गुण. "बाबांना नाव, वार विचारा, मला ऐकू द्या" हे तोंडातून आपोआप यायला हवं.

श्वास मोजताना कॅमेरा छातीवर, पूर्ण मिनिट, आणि पेशंटला न सांगता. सांगितलं की श्वास बदलतो.

आणखी एक. घरी गेलेली सिस्टर एकटी असते. डॉक्टर व्हिडिओवर "बघू सकाळी" म्हणाले, तरी तिला १०८ बोलवायची मुभा आहे का? हे लेखी द्या, आणि ड्रिलमध्ये तिला डॉक्टरांना नाही म्हणायला लावा. आपल्याकडे सगळ्यात जड जातं ते हेच.

धागाकर्ता

ताई, सुनेची भूमिका उत्तम! सिस्टरच्या मुभेचा विषय मेडिकल डायरेक्टरपुढे काढतो, तिथे खडाजंगी होणार. रात्रीचं काय करता? सिस्टर घरी नाही, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं यंत्र) चालू आहे आणि वीज गेली, अशा वेळी घरच्यांना कितपत शिकवायचं? कुणाचा अनुभव असेल तर लिहा.