नेटवरचा रेडिओ घरच्या कॉम्प्युटरवर कुणी रेकॉर्ड केलाय का? आपापले अनुभव लिहा

तिसरी_गल्ली
परवा माळा साफ करताना जुना कॉम्प्युटर निघाला. भंगारात द्यायच्या आधी हार्डडिस्क लावून बघितली तर त्यात 'आज्जी' नावाचं फोल्डर, ४१ फायली. दोन दिवस झाले, कामात लक्ष लागंना म्हणून इथं लिहितोय.

२००८ ची गोष्ट. आज्जीचं माहेर कर्नाटकातल्या इंडी तालुक्यात, सोलापुरात येऊन जन्म गेला तरी देवाधर्माचं सगळं कन्नडमध्येच. रात्री मिडीयम वेव्हला धारवाड लागायचं पण खरखर एवढी की शब्द कळायचे नाहीत, तरी ती रेडिओला कान लावून बसायची. मग मला नेटवर एक रेडिओ सापडला, दिवसरात्र वचनं (शरणांची कन्नड पदं) नि भजनं. पण आमचा नेटचा प्लॅन असा की रात्री २ ते सकाळी ८ फुकट, दिवसा मोजून पैसे, आणि आज्जीला ऐकायचं असायचं दुपारी जेवण झाल्यावर आडवं पडून. म्हणून रात्री रेकॉर्ड करायचं, दुपारी लावायचं. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये रेकॉर्डिंगला 'स्टिरिओ मिक्स' निवडलं की कॉम्प्युटरमधून जे वाजतंय तेच थेट फाईलमध्ये जातं, मध्ये माईक नाही, स्पीकरचं बटण बंद ठेवलं तरी चालतं. आमच्या भिंतीला लागून मागांचा कारखाना, माईकनं केलं असतं तर वचन कमी नि धोट्याची खटखटच जास्त आली असती.

१७ नंबरच्या फाईलला मात्र माझ्याकडनं माईक म्यूट करायचा राहिला होता. प्लेबॅकमध्ये माईक चालू असला की स्टिरिओ मिक्स तोही उचलतं. त्यामुळं भजनाच्या मागं माग चालू आहेत, आणि चाळीसाव्या मिनिटाला आज्जी पाणी प्यायला उठली. तांब्यावर फुलपात्र पालथं घातल्याचा आवाज. मग मला म्हणते, "मलको तम्मा." झोप रे बाळा.

तेव्हा ती फाईल बिघडली म्हणून दुसऱ्या रात्री मी परत रेकॉर्ड केलं होतं, जुनी पुसायची राहून गेली. आज्जी २०१२ ला गेली. घरात तिचा दुसरा कुठलाही आवाज नाही, लग्नाच्या कॅसेटमध्येसुद्धा ती नुसती हात जोडून उभी आहे.

तुम्ही कुणी असं काय काय रेकॉर्ड केलंय ते सांगा.

कडक_भाकरी
मलको तम्मा वाचून पोटात कालवलं ओ. आमची आज्जी पण हेच म्हणायची. ती फाईल आजच्या आज तीन ठिकाणी कॉपी करा, एक घराबाहेर ठेवा, एकट्या पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. बाकी सावकाश लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे

जुळे_सोलापूर
विंडोज एक्सपीतला साऊंड रेकॉर्डर आठवतो का, ६० सेकंद झाले की थांबायचा!! मी नि माझा मित्र एक तासाचं नाट्यसंगीत रेकॉर्ड करायला बसलो, दर मिनिटाला परत बटण दाबायचं की पुढची ६० सेकंद मिळायची, आळीपाळीनं माऊस धरला, एकजण चहा प्यायला गेला की दुसरा घड्याळाकडं बघत बसायचा, नि प्रत्येक जोडावर गाणं जरा तुटायचं. नंतर कुणीतरी ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं फुकटचं सॉफ्टवेअर) दाखवली तेव्हा आम्ही दोघं एकमेकाकडं बघतच राहिलो. त्यात एमपी३ करायला लेमची फाईल वेगळी उतरवून घ्यावी लागायची (२०१९ पासून ती आतच असते), नाहीतर वेव्ह. वेव्ह म्हणजे न दाबलेली मोठी फाईल, मिनिटाला दहा एमबीच्या वर, तासाला ६३५. आमची हार्डडिस्क होती ४० जीबीची, त्यात भावाचे गेम. रोज भांडणं.

शेंगापोळी
एमपी३ १२८ केबीपीएसला ठेवलं की तासाला ५८ एमबी होतात फक्त, बोलणं कीर्तन वगैरेला तर ६४ पण पुरतं. सासूबाईंना सकाळचं कीर्तन लागतं नि नेमकं तेव्हाच मी डब्यांच्या गडबडीत, त्यामुळं आधी एका फोनवर लावून दुसऱ्या फोननं रेकॉर्ड करायचे. सगळ्या कीर्तनात कुकरच्या शिट्ट्या 😄 त्या म्हणतात महाराज बोलायला लागले की तुझा भात होतो. आता मुलानं लॅपटॉपवर लावून दिलंय. थांबा दूध उतू जातंय

पूर्व_भाग
आता नवीन लॅपटॉपवर स्टिरिओ मिक्स दिसतच नाही म्हणून बरेचजण सोडून देतात. साऊंडच्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये मोकळ्या जागेवर राईट क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' करा, बऱ्याचदा तिथंच लपलेलं असतं. नसलंच तर ऑडॅसिटीत होस्ट 'विंडोज वासापी' करा आणि रेकॉर्डिंगला ज्या डिव्हाईसपुढं लूपबॅक लिहिलंय तो घ्या.

माझा अनुभव सांगतो. नाना दवाखान्यात होते तेव्हा त्यांच्यासाठी तेलुगू हरिकथा रेकॉर्ड करत होतो, दोन तासाची, एकदाच थेट लागणार होती. शेजारी सगळे झोपलेले म्हणून मी यूएसबी हेडफोन लावला. मला छान ऐकू येतंय, रेकॉर्डिंगचा आकडा पुढं पळतोय. संपल्यावर लावून बघतो तर दोन तास नुसती शांतता. आवाज हेडफोनच्या स्वतःच्या साऊंडकार्डातनं जात होता नि मी रेकॉर्ड करत होतो आतल्या कार्डाचं. नानांना ती हरिकथा ऐकवायची राहिलीच. तेव्हापासनं कुणालाही सांगतो, आधी एक मिनिट रेकॉर्ड करा, ऐका, मग पुढं जा. आणि आवाजाची पट्टी हलतीय का बघा, नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

कडक_भाकरी
@पूर्व_भाग वाईट वाटलं मालक. नाना बरे झाले का नंतर?

पूर्व_भाग
झाले की. अजून चार वर्षं होते. हरिकथा तेवढी परत कुठं मिळाली नाही

मस्कतकर
मी नेटवर सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचं थेट प्रक्षेपण लावून आवाज रेकॉर्ड करतो दर वर्षी. १४ जानेवारीला इथं सुट्टी नसते, म्हणून घरचा कॉम्प्युटर चालू ठेवून कामावर जातो. संध्याकाळी येऊन दिवा लावतो नि मग ऐकतो. संमती कट्ट्यावर अक्षता सोहळ्याचं "दिड्डम दिड्डम सत्यम सत्यम" सुरू झालं की इथं खोलीत हातात तांदूळ घेऊन उभा राहतो. चित्र मुद्दाम ठेवत नाही, डोळे मिटल्यावर नंदीध्वज (यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या) जास्त चांगले दिसतात मला. एकदा "बोला एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचा केरळचा माणूस खाली आला विचारायला काय झालं, त्याला पण अक्षता दिल्या.

शेंगापोळी
@मस्कतकर दादा अंगावर काटा आला. तिकडं शेंगाचटणी मिळते का?

वेशीतला
लाईट गेली की काय करायचात? आमच्याकडं भारनियमनात तीन वेळा रेकॉर्डिंग अर्ध्यात गेलं होतं

जुळे_सोलापूर
ऑडॅसिटी परत उघडली की अर्धवट राहिलेलं स्वतःच विचारून परत देते. 'डिस्कार्ड' तेवढं दाबू नका. माझ्या भावानं दाबलं होतं.

होटगीरोड
एक शंका, हे कायद्यात बसतं का? गाण्याच्या ॲपवरचं पण असं करता येतं का

वाचनालय_बाक
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये खाजगी वापरासाठी रास्त उपयोगाची सवलत आहे. पण तेच रेकॉर्डिंग ग्रुपवर वाटणं, सीडी करून विकणं ही वेगळी गोष्ट, ते करू नका. आणि पैसे भरून घेतलेल्या ॲपच्या अटींमध्ये रेकॉर्डिंगला बहुतेक वेळा मनाई असते, तिथं त्यांचीच डाऊनलोडची सोय वापरा. गाणाऱ्याचं पोट त्यावर आहे.

वेशीतला
सॉफ्टवेअरचं ज्यांना जमत नाही त्यांनी दोन्हीकडं पिन असलेली वायर घ्या. कॉम्प्युटरच्या हिरव्या भोकातनं (आवाज बाहेर) काढायची, निळ्या भोकात (आवाज आत) घालायची. गुलाबी माईकचं असतं, त्यात घातली की आवाज फाटतो. घूं घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर करा, माझी घूं घूं तिथंच गेली.

कडक_भाकरी
गिऱ्हाईक गेलं. @तिसरी_गल्ली अण्णा, ऑडॅसिटीत नॉईज रिडक्शन असतंय बघा, नुसत्या मागाच्या आवाजाचा तुकडा निवडायचा, प्रोफाईल घ्यायची आणि सगळ्या फाईलवर लावायचं. आज्जीचा आवाज स्वच्छ होईल. करून देऊ का?

तिसरी_गल्ली
काल रात्री कॉपीवर करून बघितलं. माग गेले पण आज्जी पण पत्र्याच्या डब्यातनं बोलल्यासारखी झाली. आणि खरं सांगायचं तर तो कारखाना २०१५ ला बंद पडला, आता तिथं गोडाऊन आहे. माग राहू देतो. आईला ऐकवलं, तिनं पहिल्यांदा आज्जी ओळखलीच नाही, तांब्याचा आवाज ओळखला. तो तांब्या अजून आहे आमच्याकडं.

पूर्व_भाग
मूळ फाईल तशीच ठेवा अण्णा, काय करायचं ते कॉपीवरच करा.

मस्कतकर
@शेंगापोळी ताई मिळते, पण ती उखळात कुटलेली नसते ओ, नुसतं कूट. कुणी मार्चमध्ये इकडं येणार असेल तर सांगा

होटगीरोड
ती दोन पिनची वायर नवी पेठेत मिळंल का? रविवारी दुकानं उघडी असतात का तिथली?