कंट्रोल्स अवघड असणं वेगळं आणि बेकार असणं वेगळं

उलटामाउस:
बर्फातल्या तळावरचा जो नवा गेम आलाय त्यावर परवा पोलादी_अंगठाने लिहिलं की कंट्रोल्समध्ये काही वाईट नाही, लोकांचे हात आळशी झालेत, ज्याला जमत नाही त्याने रिफंड घ्यावा आणि गप्प बसावं. ते वाचल्यापासून डोकं फिरलंय, तिथे उत्तर मावणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी सांगतो, गेम मला आवडलाय. वादळ सुरू झालं की सगळे आवाज दबतात आणि फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, टॉर्च मारली तर उजेड दोन हातांवर संपतो, हे इतकं छान जमवलंय की बाकीचं सगळं सोसून मी खेळत राहिलो. पण ती शिडी बघा. शिडी पकडायला कीबोर्डवरचं ई बटण. वर पोचल्यावर शिडी सोडायलाही ई. आणि वरच्या कठड्यावर कंदील ठेवलाय, तो उचलायला पण ईच. शेवटच्या पायरीवर असताना स्क्रीनवर येतं 'कंदील उचला', मी दाबतो, आणि माणूस कंदील सोडून शिडीच सोडतो, खाली पडतो, आणि चेकपॉइंट, म्हणजे जिथून परत सुरू करायचं ती जागा, थेट जनरेटरच्या खोलीत. यात माझ्या हातांचा आळस कुठे आला? जे दिसलं तेच दाबलं ना मी.

माउसची वेगळीच तऱ्हा. स्मूदिंग बंदच करता येत नाही, हात थांबला तरी नजर पुढे सरकत राहते. पळायला शिफ्ट धरून ठेवा, पण तोच शिफ्ट दोनदा पटकन दाबला गेला की खाली बसतो. अस्वल मागे लागल्यावर माणूस शिफ्ट एकदाच शांतपणे दाबेल असं कोणाला वाटलं?

अवघड गेम मला चालतात. अवघड म्हणजे काय करायचंय ते कळलंय पण अजून जमत नाहीये. इथे बरोबर केलं तरी गेम दुसरंच काहीतरी करतो.

पोलादी_अंगठा:
माझं नाव घेऊन धागा काढलाच आहेस तर पूर्ण उत्तर ऐक. २००० साली प्लेस्टेशनवर एलियन रिझरेक्शन हा गेम आला. गेमपॅडच्या डाव्या स्टिकने चालायचं, उजव्या स्टिकने बघायचं. तेव्हाच्या समीक्षेत त्याच कंट्रोल्सवर तोंडसुख घेतलं होतं. आज गेमपॅडवरचा कुठलाही शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम काढ, हेच आहे, आणि कोणाला ते अवघड वाटत नाही. पहिल्या तासात हाताला विचित्र लागलं म्हणून बेकार ठरवलं की नवीन काही येणारच नाही, सगळे गेम एकसारखे होणार, आणि मग तुम्हीच ओरडणार की सगळे एकसारखे झाले.

आणि बेबी स्टेप्स? २०२५ चाच आहे. गेमपॅडच्या मागच्या एका बटणाने, म्हणजे ट्रिगरने, एक पाय उचलायचा, दुसऱ्याने दुसरा, पाऊल कुठे टाकायचं ते स्टिकने. नुसतं चालणं हाच अख्खा गेम. तिथेही तू हेच म्हणणार का की चालायला एक बटण द्या?

उलटामाउस:
नाही म्हणणार. तुझ्याच उदाहरणावर बोलतो. बेबी स्टेप्समध्ये उजवा ट्रिगर दाबला की उजवाच पाय उचलला जातो, दरवेळी. पडलास तर पाऊल चुकीच्या जागी पडलं म्हणून, आणि ते तुला दिसतं. एलियनमध्येही उजवी स्टिक म्हणजे बघणं, ते कधी बदललं नाही. म्हणून तर सवय लागते. जी गोष्ट दरवेळी वेगळी वागते तिची सवय कशी लागणार? शिडीवरचा ई एका पायरीच्या फरकाने तीन वेगळी कामं करतो.

जुनं_काडतूस:
मुलांनो, १९९६ चा टूम रेडर खेळलाय का कोणी, की फक्त नाव ऐकलंय? वरचा बाण म्हणजे त्यातली नायिका लारा पुढे, डावा-उजवा म्हणजे जागेवर वळणार, कॅमेरा कुठेही असो. आज सगळे टँक कंट्रोल्स म्हणून नाकं मुरडतात. पण अख्खा गेम एकसारख्या मापाच्या चौकटींवर बांधलेला होता. कडेपर्यंत चालत जायचं, एकदा मागे उडी मारायची, मग पळत सुटायचं आणि उडीचं बटण धरून ठेवायचं, ती बरोब्बर कडेवरूनच झेपावायची. अंदाज नाही, नशीब नाही. २०२४ च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे त्याच गेमच्या सुधारून काढलेल्या आवृत्तीत, नवे कंट्रोल्स दिलेत, मी हौसेने लावून बघितले आणि साध्या साध्या उड्या चुकायला लागल्या, कारण त्या खोल्या त्या कंट्रोल्ससाठी बांधलेल्याच नाहीत. परत जुने लावले, गुमान पुढे गेलो. पहिल्या रेझिडेंट ईव्हिलचंही तेच. कॅमेरा अचानक बदलतो, पण वरचा बाण म्हणजे पुढेच, त्यामुळे झॉम्बी समोर असताना माणूस उलटा फिरत नाही.

त्यामुळे अंगठेरावांचं अर्धं बरोबर आहे. विचित्र म्हणजे वाईट नव्हे.

पोलादी_अंगठा:
अर्धं का होईना, धन्यवाद काका.

डावखुरी:
तुमचं सगळं वाचलं. इथे एकानेही विचारलं नाही की हा गेम डाव्या हाताने माउस धरणाऱ्याला उघडून तरी बघता येतो का. कारण या गेममध्ये कीज बदलायची, म्हणजे कुठलं बटण काय करेल ते आपण ठरवायची, सोयच नाहीये. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड नावाचं पान आहे, त्यात एक चित्र आहे, कुठलं बटण काय करतं ते दाखवणारं. बस.

माझा माउस डावीकडे असतो, उजवा हात नमपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या आकड्यांवर. लहानपणापासून असंच. घरात एकच कॉम्प्युटर, भाऊ माउस उजवीकडे ठेवायचा, मी डावीकडे ओढायचे, त्यावरून रोज भांडणं. आता डब्ल्यू-ए-एस-डी, म्हणजे चालण्यासाठीची डावीकडची चार बटणं, वापरायची तर दोन्ही हात कीबोर्डच्या एकाच टोकाला एकमेकांवर चढवून बसावं लागतं. तासाभरात खांदा धरतो.

बाहेरचं सॉफ्टवेअर लावून नमपॅडवर आणायचा प्रयत्न केला, तिथेही घात झाला. नम लॉक चालू असताना शिफ्ट धरून नमपॅडचा ८ दाबला तर विंडोज त्याला ८ समजतच नाही, वरचा बाण समजतं, आणि शिफ्ट सुटल्यासारखं दाखवतं. म्हणजे पळताना पुढे जायला गेलं की पळणंच थांबतं. मागे अस्वल.

पोलादी_अंगठा:
मग गेमपॅड घ्या ना. या गेमला गेमपॅडच चांगला आहे, पहिल्याच स्क्रीनवर लिहिलंय. डाव्या-उजव्याचा प्रश्नच येत नाही.

डावखुरी:
बघणं उजव्या स्टिकवर असतं, चालणं डाव्या. मला नेमकं उलटं लागतं. आणि स्टिक बदलायची सोय या गेममध्ये आहे का? नाही. तुम्ही ऑप्शन्स उघडून न बघताच उत्तर दिलंत. मला हे 'दुसरं काहीतरी विकत घ्या' उत्तर ऐकून ऐकून वीट आलाय. पैसे मी पण तेवढेच दिलेत.

पोलादी_अंगठा:
तुम्ही चिडताय. प्रत्येक गेम प्रत्येकासाठी नसतो. काही गेम मलाही जमत नाहीत, मी धागे काढत नाही.

उलटामाउस:
नाही काढत, दुसऱ्यांच्या धाग्यात जाऊन त्यांना आळशी म्हणतोस.

आणि 'प्रत्येकासाठी नसतो' हे अस्वलाबद्दल म्हण, वादळाबद्दल म्हण. बटण कुठे आहे याबद्दल कसं म्हणतोस? मुळात डब्ल्यू-ए-एस-डी आलं कुठून? १९९६ च्या क्वेक या शूटरमध्ये चालायला बाणांच्या कीज होत्या. खेळाडूंनी स्वतःच बदलून बदलून जी मांडणी बरी वाटली ती उचलली, थ्रेश या क्वेकच्या नावाजलेल्या खेळाडूसारखे जिंकणारे लोक ती वापरत होते म्हणून ती पसरली, आणि मग हाफ-लाइफसारख्या गेम्सनी ती आधीपासूनच लावून द्यायला सुरुवात केली. कीज बदलता आल्या नसत्या तर आज ज्याला तू स्टँडर्ड म्हणतोस ते जन्मालाच आलं नसतं.

रात्रीचा_कोडर:
मी गेम बनवण्याच्या धंद्यात आहे, या गेमशी संबंध नाही. दोन्ही बाजूंना थोडं ऐकवतो.

इंजिनमध्ये, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम बांधतात त्यात, ही सोय असते. युनिटीचं इनपुट सिस्टीम, अनरिअलचं एन्हान्स्ड इनपुट, दोन्हीत खेळताना कीज बदलता येतात. त्यामुळे 'तंत्रच नाही' हे कारण कोणी देऊ नये. पण काम कीज बदलण्यात नसतंच, ते नंतर येतं. मी एका लहान टीममध्ये असताना ही सोय शेवटी शेवटी घालायला घेतली. तेव्हा कळलं की ट्युटोरियलमधला 'ई दाबा' चित्रात रंगवलेला आहे. म्हणजे खेळाडूने ई च्या जागी के लावला तरी गेम ई च म्हणत राहणार. मग दोन कामांना एकच की लावली तर काय, एस्केप कोणी उचकटून दुसरीकडे लावली तर मेनूत परत कसं यायचं, फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यूच्या जागी झेड आणि ए च्या जागी क्यू असतो, तिथे अक्षर वाचायचं की बटणाची जागा. एकेक करत महिने जातात. सुरुवातीला ठरवलं असतं तर यातलं निम्मं काम करावंच लागलं नसतं.

शिडीचा प्रकार मात्र मला टेस्टिंगची हयगय वाटते. टीममधल्या सगळ्यांना माहीत असतं की आधी कठड्यावर चढायचं आणि मग कंदील घ्यायचा, त्यामुळे त्यांच्या हातून तो ई चुकीच्या वेळी दाबलाच जात नाही. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा बसवून मागे गप्प उभं राहिलं तर दहा मिनिटांत दिसलं असतं.

डावखुरी:
म्हणजे जमत होतं, केलं नाही.

रात्रीचा_कोडर:
हो. पण 'केलं नाही'च्या मागे तुम्हाला किंमत द्यायची नव्हती असं नसतं ओ ताई. चार माणसं असतात, तारीख ठरलेली असते.

डावखुरी:
वादळातल्या बर्फाच्या कणाकणाला त्या चार माणसांनी वेळ दिला ना? दिला, आणि सुंदर झालंय, मी व्हिडिओतच बघितलं कारण मला खेळता येत नाहीये. द लास्ट ऑफ अस पार्ट टू मध्ये, २०२० साली, प्रत्येकाला खेळता यावं म्हणून साठाच्या वर सोयी होत्या. मोठी टीम होती, मान्य. मी साठ मागत नाहीये. एक मागतेय.

जुनं_काडतूस:
या बाईंचं म्हणणं रास्त आहे. मी टूम रेडरचं एवढं कौतुक केलं, पण रीमास्टरमध्ये दोन्ही कंट्रोल्स ठेवले म्हणून तर मला परत जाता आलं. एकच दिलं असतं तर मीही इथेच बोंबलत असतो.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो 'धरून ठेवा'चा. दार उघडायला धरून ठेवा, खोका उघडायला धरून ठेवा, गोल भरेपर्यंत वाट बघा. माझी बोटं आता दुखतात. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, एवढी निवड द्यायला काय जातं?

पोलादी_अंगठा:
'धरून ठेवा'मागे कारण असतं काका. या गेममध्ये थंडीने हात बधिर झालेत हे त्यातूनच कळतं, म्हणून दार उघडायला वेळ लागतो. ते काढलं तर वातावरण गेलं. आणि शिफ्ट धरून पळण्यात जी धाप लागते ती मला हवीय, माझ्यासाठी तोच गेम आहे. उद्या सगळ्यांच्या सोयीसाठी ते गुळगुळीत केलं तर मी खेळणार नाही.

कीज बदलण्याचं म्हणाल तर द्या बाबा, त्याने माझं काही जात नाही. शिडीही दुरुस्त करा. पण आळशी लोक आहेत या मतावर मी ठाम आहे, प्रत्येक अवघड गेमला रिफंड मागणारे शेकड्याने बघितलेत.

उलटामाउस:
ते असतील. त्यांच्याशी भांड, माझ्याशी कशाला? दार हळू उघडू दे. हात बधिर आहेत ना, मग दार दहा सेकंद घेऊ दे, मी उभा राहतो. फक्त ते दहा सेकंद माझं बोट बटणावर दाबलेलं असायलाच हवं असं नाही, एकदा दाबल्यावर तो बधिर हाताने ढकलत राहील आणि मी थांब म्हटलं की सोडेल, यात थंडी कुठे कमी झाली?

पोलादी_अंगठा:
थांब म्हटलं की सोडेल, म्हणजे परत एक बटण आलंच. कुठलं? ई?

डावखुरी:
कुठलंही. ज्याचं त्याला ठरवू द्या.

उलटामाउस:
तळाच्या रेडिओ खोलीपर्यंत पोचलोय. स्टुडिओला शिडी, स्मूदिंग, कीज आणि 'धरून ठेवा' अशा चार गोष्टींचं सविस्तर पत्र पाठवलंय, शिडीचा व्हिडिओ जोडलाय. डावखुरी, नमपॅडचं तुम्ही जसं लिहिलंय तसंच त्यांना पाठवा, माझ्या पत्रात ते नीट मांडता आलं नसतं.

डावखुरी:
पाठवते. शिफ्ट आणि ८ दाबल्यावर काय येतं ते रेकॉर्ड करून.