गंजाचे झियादओग्लू: शहाची नेमणूक, तरी सुभा एकाच घरात कसा?

नवखा_वाचक:
इराणच्या सफवी शहांच्या काळाबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी अडलोय. सुभ्याचा बेगलरबेगी (सुभेदार) शहा नेमायचा, म्हणजे ती चाकरीच झाली. मग आजच्या अझरबैजानातल्या काराबाख-गंजाचा कारभार सोळाव्या शतकापासून १८०४ पर्यंत पुन्हा पुन्हा कजार टोळीतल्या झियादओग्लू घराण्याकडेच कसा येतो? आणि तेहरानच्या गादीवर बसलेले कजार ते हेच का?

जुना_नकाशा:
गेली काही वर्षं या घराण्याच्या मागे लागलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसरा प्रश्न. टोळी एकच, शाखा वेगळ्या. तेहरानच्या गादीवर बसलेला आगा मुहम्मद खान अस्तराबादकडच्या शाखेतला. झियादओग्लू, म्हणजे 'झियादचे वंशज', गंजाकडचे.

आता सुभा. सोळाव्या शतकातल्या शहा तहमास्पनं तो शाहवर्दी सुलतान झियादओग्लूला दिला. फर्मान शहाचं असलं, तरी घोडेस्वार टोळीचे होते. ते आपल्या घरच्या खानाच्या हाकेला उठायचे. नवा माणूस आणला तर त्यानं सैन्य कुठून आणायचं? १५८८ मध्ये उस्मानी तुर्कांनी गंजा घेतलं, शहा अब्बासनं ते १६०६ मध्ये परत मिळवलं, आणि सुभा पुन्हा याच घरात आला.

मधे एकदा प्रयोग झाला, आणि मला तोच सगळ्यात बोलका वाटतो. अब्बासनं गंजा-काराबाख दाऊद खानाला दिलं. हा जॉर्जियन वंशाचा, अब्बासचा सेनापती अल्लाहवर्दी खान याचा मुलगा. अब्बासच्या मागून आलेल्या शहा सफीविरुद्ध त्यानं १६३३ च्या सुमारास बंड केलं. ते मोडल्यावर सुभा परत झियादओग्लूंकडेच गेला.

रात्रपाळी:
पण नादिरशहानं त्यांना मोडलं ना? तो तर कुणालाच मोठं राहू देत नसे.

जुना_नकाशा:
मोडलं नाही, छाटलं. १७३६ मध्ये मुगानच्या मैदानात नादिरला शहा करायला सरदार जमले. गादी सफवींचीच, असं झियादओग्लूंचं म्हणणं होतं, असं काराबाखचे इतिहासकार सांगतात. शिक्षा म्हणून जीव न घेता नादिरनं मुलूख कापला. कझाख आणि बोर्चालू हे परगणे जॉर्जियन सरदारांकडे गेले, काराबाखचे पाच आर्मेनियन मलिक (स्थानिक जहागीरदार) गंजाच्या हुकमतीतून सुटले, जवानशीर टोळीला उचलून खुरासानला नेलं. १७४७ मध्ये नादिर मारला गेला तेव्हा जवानशीर परतले आणि पनाह अली खानानं काराबाखची वेगळी खानशाही उभी केली. झियादओग्लूंच्या हाती उरलं गंजा आणि भोवतालचा मुलूख. पण आता फर्मान देणारा शहाच नव्हता, तेव्हा सुभेदाराचा खान झाला. मला तरी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे दिसतं: वर शहा नसतानाही घराणं टिकलं.

शेवटचा जवाद खान. १७९५ मध्ये जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीवर चालून गेलेल्या आगा मुहम्मद खानाबरोबर तो होता, हेही विसरू नये. १८०३ च्या अखेरीस रशियन सेनापती त्सित्सियानोव्ह गंजासमोर आला. शरण ये, असे निरोप पुन्हा पुन्हा गेले. जवाद खानानं नाकारले. महिनाभराच्या वेढ्यानंतर जानेवारी १८०४ मध्ये तट चढले गेले. जवाद खान तटावर लढता लढता पडला, मुलगा हुसेनकुलीही मारला गेला. शहराचं नाव झारच्या राणीवरून येलिझावेतपोल झालं. सुभा गेला, खान गेला, वर नावही पुसलं. हे वाचताना मला दर वेळी त्रास होतो.

पायवाट:
घराणं मात्र तिथे संपलं नाही. इस्माईल खान झियादखानोव्ह १९०६ च्या पहिल्या रशियन दूमात (संसदेत) निवडून गेले. आदिल खान झियादखानोव्ह अझरबैजानच्या पहिल्या प्रजासत्ताकाचे इराणमधले राजदूत होते.

नवखा_वाचक:
दाऊद खानाचं बंड मला माहीतच नव्हतं. अडलेली गाठ तिथेच सुटली. आता शहा सफीच्या कारकिर्दीपासून पुन्हा वाचायला घेतो.