उत्प्रेरक भागच घेत नाही, तर वेग वाढवतो कसा?

कासारवडवलीची आई
मुलगी दहावीत. क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय, उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही, फक्त वेग वाढवतो. ती विचारते, भागच घेत नाही तर वाढवतो कसा? मी कॉमर्सवाली, बोलती बंद. काल मेडिकलमधून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणून कच्च्या बटाट्याच्या फोडीवर ओतलं. फसफसून फेस आला, उदबत्ती धरली तर टोक लालभडक. उकडलेल्या फोडीवर मात्र ढिम्म काही नाही. असं का?

ठाणेकर बाळ्या
सोप्पंय, विरजणासारखं. चमचाभर घाला, पातेलंभर दही.

निवृत्त शिफ्टवाला, ऐरोली
बाळ्या, विरजण नको. त्यातले जिवाणू रात्रभर वाढतात. उत्प्रेरक घालू तेवढाच उरतो.

ताई, पोरीची शंका रास्त आहे. तो भाग घेतो आणि सुटून बाहेर पडतो. रबाळे-महापे पट्ट्यात माझी अर्धी नोकरी हायड्रोजनेशनवर, म्हणजे रेणूंना हायड्रोजन जोडण्यावर गेली. आमचा उत्प्रेरक रॅने निकेल, काळी पूड, कायम पाण्याखाली ठेवायची. हायड्रोजनच्या अणूंची जोडी निकेलवर टेकली की तुटते, अणू निकेलला चिकटतात, तिथून समोरच्या रेणूवर जातात. जागा पुन्हा रिकामी. बॅच संपली की गाळून तेच निकेल पुढच्या बॅचला. एकदा नव्या पोराने फिल्टरचं कापड तसंच वाळत टाकलं. चहा पिऊन येईस्तोवर कापडावर ठिणग्या! कोरडं झालं की हवेतच पेटतं ते. आणि म्हणे भाग घेत नाही.

वेगाचं म्हणाल तर ठाणे आणि दिवा स्टेशनांमधला पारसिकचा डोंगर बघा. चढून पलीकडे जायचं तर दमछाक, १९१६ च्या बोगद्यातून गाडी सपाटीने जाते. ठाणे-दिवा जागचे हलत नाहीत, चढ तेवढा टळतो. या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. बोगदा परतीलाही तेवढाच कामाचा, म्हणून उलटी अभिक्रियाही वेगात होते. समतोल साधल्यावर, म्हणजे दोन्ही दिशांचा वेग सारखा झाल्यावर, माल किती निघणार, ते उत्प्रेरकाने बदलत नाही.

बटाट्यात कॅटलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे सजीवांमधला उत्प्रेरक असतो. प्रथिनाची घडी, आत खाचेत लोह. त्याचा एक रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड रेणू फोडतो, त्यातून पाणी आणि ऑक्सिजन. तुमची उदबत्ती त्या ऑक्सिजनने फुलली. उकडलं की घडी विसकटते, अंड्याचा पांढरा घट्ट होतो तसंच. मग लोह असून उपयोग नाही, खाचच मोडली.

मटणवाला मुलुंडकर
म्हणजे मटणाला कच्ची पपई लावतो ते पण एन्झाइमच ना?

निवृत्त शिफ्टवाला, ऐरोली
हो, पपेन. पण रात्रभर ठेवू नका, लगदा होतो. आमच्या घरी झालाय, सौ. अजून ऐकवते.

कासारवडवलीची आई
काका, त्याच फोडीवर आज पुन्हा ओतलं, पुन्हा फेस! चौथ्यांदा मात्र मंद. उत्प्रेरक संपत नाही ना? आणि परीक्षेत लिहायचं काय?

निवृत्त शिफ्टवाला, ऐरोली
संपत नाही, पण खराब होतो. पेरॉक्साइडच एन्झाइमला हळूहळू निकामी करतं. आमच्या निकेलचंही तेच. कच्च्या मालात गंधक आलं की कॅटलिस्ट मेला म्हणायचो, नवा टाकल्याशिवाय बॅच हलायची नाही.

परीक्षेत लिहू दे, ‘अभिक्रियेच्या शेवटी त्याच्यात रासायनिक बदल उरत नाही.’ ‘उरत’ हा शब्द तेवढा गाळू नको म्हणावं.