डिझेल भरताना इंजिन चालू ठेवलं तर बिघडतं काय?

वर्धारोडकर
पंपावर ट्रॅव्हल्स येते, इंजिन घुरघुरत राहतं, ड्रायव्हर खाली उतरतही नाही आणि पोरगा टाकीत नोझल घालतो. वर पाटी लटकलेली: इंजिन बंद करा. हटकलं की उत्तर ठरलेलं, "डिझेल आहे भाऊ, पेट्रोल नाही." माझ्या मते बंद करायलाच पाहिजे. देशभरातल्या पंपांना परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सला आहे. निदान या शहरात तरी पाटी वाचली जावी.

वाडीवाला
पाटी लावणाऱ्याने लोडची गाडी चालवली नसेल कधी. समृद्धीवरून दामटत आलेल्या गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लाल झालेला असतो. तसंच इंजिन बंद केलं की ऑइल पोचणं थांबतं, आतलं ऑइल बेअरिंगवर जळून बसतं. टर्बोचं बिल पंपवाला भरणार काय? त्यात जुनी बॅटरी. सेल्फ मारला न् गाडी उठली नाही, तर मागची रांग हॉर्न देऊन जीव खाते. अन् डिझेलमध्ये पेटती काडी टाकली तर विझते, विचारा कोणत्याही मिस्त्रीला.

धरमपेठी
काडी विझते ती थंड डिझेलमध्ये. पेटण्याइतकी वाफ तिथे नसते. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटण्याइतकी होते तो, किमान ३५ अंश आहे, युरोपात ५५ च्या वर. म्हणून तिकडचे व्हिडिओ इकडे दाखवू नका. प्रत्यक्षात पंपावरचं डिझेल ३५ पेक्षा बरंच वरचं असू शकतं, पण मे महिन्यात नागपूर ४५ च्या पुढे जातं, हेही विसरू नका. शिवाय कॉमन रेल इंजिनातून जास्तीचं डिझेल गरम होऊन टाकीतच परत येतं, म्हणजे दिवसभर पळालेल्या गाडीची टाकी बाहेरच्या हवेपेक्षाही तापलेली. पेट्रोलियम नियमांत फ्लॅश पॉइंट २३ अंशांखाली ते वर्ग अ, त्यात पेट्रोल. २३ ते ६५ वर्ग ब, त्यात आपलं डिझेल. यादीत दोघंही आहेत.

वाडीवाला
बरं. मग इंजिन बंद केलं की मॅनिफोल्ड, इंजिनातून धूर बाहेर काढणारा नळ, लगेच गार होतो काय? डिझेल साधारण २१० अंशांना आपोआप पेटतं, मॅनिफोल्ड त्याहून कितीतरी गरम असतो. सांडायचंच असेल तर बंद गाडीवरही सांडेल न् पेटेल. मग बंद करून काय मिळवलं?

बुटीबोरी_शिफ्ट
काका, हा मुद्दा तुमचा खरा आहे, पण तुम्ही दोघं टाकीतल्या डिझेलवरच भांडून राहिले. धोका शेजारच्या नोझलचा आहे. बाजूला अ‍ॅक्टिव्हात पेट्रोल भरणं चालू असतं. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, खाली खाली पसरते. डिझेल इंजिनाला स्पार्क लागत नाही. हवेत जे जळण्यासारखं मिळेल ते ओढतं न् जाळतं. फार ओढलं तर अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता रेस चढते, चावी काढूनही थांबत नाही.

२३ मार्च २००५ ला अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत वाफेचा ढग पसरला. जवळ एक डिझेल पिकअप चालू उभी होती. आग बहुधा तिथूनच लागली, असं तपासात निघालं. १५ माणसं गेली, १८० जखमी.

संत्रा_मार्केट
रिफायनरी कुठे न् आपला पंप कुठे! तिथे टनावारी सांडलं होतं. अ‍ॅक्टिव्हाच्या वाफेवर ट्रक पळाल्याचं कोणी पाहिलं आहे काय? काहून लोकांना भेव दाखवून राहिले?

बुटीबोरी_शिफ्ट
तेवढा ढग पंपावर होत नाही, मान्य. पण नियम रोजच्या दिवसासाठी नसतो ना. नोझल अडकतं, टाकी उसळते, टँकर खाली होत असतो. त्या दिवसासाठी असतो.

वर्धारोडकर
टर्बोचं बोलायचं तर त्याला एक-दोन मिनिटांचं आयडलिंग पुरतं. ती रांगेतच निघून जातात. नोझल लागेपर्यंत टर्बो बंद करण्याजोगा झालेला असतो. अन् धुराचं कोणी काढलंच नाही. सायलेन्सर नोझलवाल्या पोराच्या तोंडाशी असतो, गाडीमागून गाडी, शिफ्टभर.

वाडीवाला
टर्बोचं पटलं. बॅटरीचं नाही. ड्रायव्हर हौसेने चालू ठेवत नाही बापा. मालक बॅटरी बदलत नाही, सेल्फ घासलेला, एअर ब्रेकचं प्रेशर गळतं, ते परत भरेस्तोवर गाडी हलत नाही. शिकवायचं तर मालकाला शिकवा.

वर्धारोडकर
मालक बॅटरी बदलेपर्यंत पोराने नोझल उचलूच नये.

संत्रा_मार्केट
न् ट्रॅव्हल्सवाला दोनशे लिटर घ्यायला पुढच्या पंपावर जाईल. पंपवाला सोडते काय गिऱ्हाईक?