एक्स३२ आणि एस१६: मधूनच आवाज जाणे

एक्स३२ हा बेरिंजरचा डिजिटल मिक्सर, आणि एस१६ हा त्याला लॅनसारख्या केबलने जोडायचा स्टेज बॉक्स, ज्यात स्टेजवरचे माइक लागतात. तक्रार अशी की ही केबल लॅन टेस्टरवर पास झाली, तरी एस१६ चा दिवा मधूनच लाल होतो आणि आवाज जातो. साधा टेस्टर आठ तारा तपासतो, शिल्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) तपासत नाही, आणि एईएस५० ला, म्हणजे या दोघांमधल्या डिजिटल ऑडिओ जोडणीला, तेच लागतं. शिल्ड तुटकं असेल तर स्थिर विजेच्या झटक्यानेही दोन्ही यंत्रांचं एकमेकांशी जुळलेलं सिंक सुटतं. कोरड्या हवेत, कार्पेटच्या स्टेजवर हे हमखास होतं.

केबल दोन्हीकडून काढा, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, एक प्रोब या टोकाच्या धातूच्या कवचाला, दुसरा त्या टोकाच्या. बीप नाही म्हणजे केबल बाद. शिल्डेड कॅट५ई, दोन्हीकडे इथरकॉनचं (लॅन प्लगभोवतीच्या मजबूत कनेक्टरचं) धातूचं कवच, लांबी ८० मीटरच्या आत. मधे जोडणी किंवा पॅच पॅनल नको. नेटवर्क स्विच तर अजिबातच नको, एईएस५० त्यातून जातच नाही.

केबल चांगली निघाली तर मिक्सरच्या सेटअपमधल्या कॉन्फिग पानावर क्लॉक (डिजिटल ऑडिओचा ताल ठरवणारं घड्याळ) इंटर्नल आहे ना ते बघा. दुसरा एस१६ असेल तर केबल पहिल्याच्या एईएस५० बी पोर्टमधून दुसऱ्याच्या ए पोर्टमध्ये. दिवा हिरवा असूनही आवाज नसेल, तर मात्र केबलला हात लावू नका, मिक्सरच्या राउटिंगमध्ये इनपुट एस१६ ऐवजी लोकलवर, म्हणजे मिक्सरच्या स्वतःच्या सॉकेटवर, राहिले असतील.