रविवार सकाळ, पहिली निवडणूक आणि टाकी सफाई

(घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, नावं माझ्या मोबाईलमध्ये सेव्ह आहेत तशीच)

सी-७०१ काका: नातवाला विचारलं आपल्याकडे लोकशाही कशी आली रे, तर म्हणे २६ जानेवारी १९५०. पुढे? म्हणे आजोबा पेपरात एवढंच येतं 🙄 दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून ४० मार्क, व्याख्या पाठ करा नि सुटा

ए-१०३ सर: काका मी तीस वर्षं शिकवलंय, कलमं शिकवायला सोपी जातात, उत्तर एकच असतं ना, तपासायलाही बरं

सी-७०१ काका: अहो पण १९५१-५२ ची निवडणूक म्हणजे पिक्चर आहे पिक्चर! १७ कोटींच्या वर मतदार, वाचता येणारे शंभरात जेमतेम अठरा, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, शिक्का-बिक्का काही नाही, आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा की झालं. आणि बारा लाखांवर पेट्या कुठे बनल्या माहितीये? विक्रोळीला, गोदरेजमध्ये! रोज त्या स्टेशनवरून जाता सगळे, मान मोबाईलमध्ये

डी-६०४: मुलीच्या कॉलेजात अथेन्सपासून सुरू करतात पण तिथे बायकांना, गुलामांना मत नव्हतं हे कुठे येतच नाही. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं १९७१ ला, आपल्याकडे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना 👍

बी-४०२ वहिनी: सगळ्यांना नाही हं. यादी करायला माणसं दारात आली तेव्हा खूप बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही, अमक्याची आई, तमक्याची बायको असंच, बिहार, यूपी, राजस्थानकडे जास्त. सुकुमार सेन, पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, ते म्हणाले नाव द्या नाहीतर यादीत नाही. जवळजवळ २८ लाख जणी गळल्या. कडक वाटतं, पण त्यांनी चालवून घेतलं असतं तर पुढेही तसंच चाललं असतं असं मला वाटतं

मी: हे कुठे वाचलंत वहिनी?

बी-४०२ वहिनी: एम.ए. राज्यशास्त्रातच केलंय. सोळा वर्षं झाली इथे राहून, कोणी विचारलंच नाही 😄

ए-१०३ सर: खरं सांगू, मी वर्गात हे कधीच सांगितलं नाही

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर राजकीय चर्चा नको 🙏

सी-७०१ काका: अहो राज्यशास्त्र चाललंय! हीच भीती शाळेत. १९७५ ची आणीबाणी आली की सर लोक पान उलटतात

ए-१०३ सर: उलटत नाही हो, पालकांचे फोन येतात. एकदा तर वर्ग सुटायच्या आत आला होता

डी-६०४: वहिनी, पुढच्या रविवारी क्लबहाऊसमध्ये पोरांना सांगाल का? चहा माझ्याकडे

बी-४०२ वहिनी: सांगते की. प्रत्येकाने बुटांचा एक खोका आणायचा, चिन्हं तिथेच काढू. पोरं नूडल्स विरुद्ध पोहे अशी निवडणूक लढवतील, लढवू दे. नोटीसवर नाव काय टाकणार पण? बी-४०२ वहिनी?

मी: माझ्याकडे तसंच सेव्ह आहे 🙈

डी-६०४: माझ्याकडे पण

सेक्रेटरी: रजिस्टरला फ्लॅट मिस्टरांच्या नावावर दिसतोय. वहिनी पूर्ण नाव पाठवा, लिफ्टजवळ नोटीस लावतो. आणि उद्या टाकी सफाई, १० ते १ पाणी बंद, बादल्या भरून ठेवा